बेचाळीस नंबरचा ऊस आणि एरंडेलावरचं विमान

ऊस हे बघायचं पीक नाही, असं मी कोल्हापुरात मोठ्यानं म्हटलं तर लोक मला पंचगंगेपलीकडे नेऊन सोडतील. पण जन्मभर उसातच नोकरी केल्यानं एवढं बोलायचा हक्क मी मिळवलाय. ऊस पाच-सहा महिन्यांचा झाला की तो दिसायचा बंद होतो. दिसते ती कडेची ओळ. बांधावर उभं राहून आपण ‘काय झकास ऊस आलाय’ म्हणतो, तेव्हा आपण फक्त भिंत बघितलेली असते. आत कोण आजारी आहे, कोण आडवा पडलाय, कुणाची मुळं हुमणीच्या अळीनं खाल्लीत, काही कळत नाही. त्यात कडेच्या ओळीला ऊन-वारा जास्त मिळतो, त्यामुळं तिची तब्येत कायम बरी असते. म्हणजे ऊस आपल्याला फसवतो आणि आपण खूश होऊन घरी जातो.

मी ऊस संशोधन केंद्रात संशोधन सहायक होते. केंद्राचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून रस्त्यात भेटली की थांबून बोलतात, ते तसंच चालू राहावं अशी माझी इच्छा आहे. परवा तिथल्या नव्या मंडळींनी मला मुद्दाम बोलावून ड्रोन दाखवला. पेटीतून काढला, जमिनीवर ठेवला, हातातल्या स्क्रीनवर बोट फिरवलं आणि तो गडी सरळ वर जाऊन हवेत गप्प उभा राहिला. अख्खा प्लॉट स्क्रीनवर. कुठं पिवळं, कुठं हिरवं, कुठं पाणी कमी, सगळं रंगांत. त्यांनी विचारलं, ‘मॅडम, तुमच्या वेळी हे कसं करत होता?’ मी म्हटलं, ‘रडत.’ त्यांना वाटलं मी विनोद केला.

आमचं काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नवीन ऊस काढायचा म्हणजे दोन जातींचं लग्न लावायचं, त्यांची हजारो पोरं रानात लावायची आणि दरवर्षी त्यातली नापास करत जायची. दहा-बारा वर्षांनी एखाददुसरी उरते. तिला नाव मिळत नाही, नंबर मिळतो. मग ती शेतकऱ्याच्या रानात जुन्या नावाजलेल्या जातींच्या शेजारी लावून बघायची. एकाच रानाचे छोटे छोटे तुकडे करायचे आणि कुठल्या तुकड्यात कुठली जात, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. शेतकरी हसायचे, की एवढी शिकलेली माणसं आणि चिठ्ठ्या टाकतात. पण रान सगळीकडे सारखं नसतं. पंगतीत एकाच माणसाला रोज शेवटच्या पाटावर बसवलं आणि त्याच्यापर्यंत आमटी पोचलीच नाही, तर तो वाळला म्हणून त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून एकेक जात चार-पाच ठिकाणी बसवायची, कुठंतरी तिला आमटी मिळतेच. शेवटी प्रत्येक तुकड्यातला ऊस तोडून वजन करायचं, साखर किती उतरते ते बघायचं आणि समितीपुढं ठेवायचं. समितीनं मान डोलावली की ऊस शेतकऱ्यांसाठी खुला.

आमचे साहेब म्हणजे पाटणकर सर. जाती तयार करणं हेच त्यांचं काम. स्वभावानं सरळ, बोलणं पुस्तकातलं, आणि शर्टाची बाही कायम मनगटापर्यंत बंद. त्यांचा बेचाळीस नंबरचा ऊस होता. सरांना दोन मुलगे होते, पण त्यांच्या दहावीच्या मार्कांपेक्षा बेचाळीसचा साखर उतारा त्यांना जास्त तोंडपाठ होता. सगळ्या परीक्षा पास होऊन बेचाळीस शेवटच्या चाचणीला बसला, ती कागलजवळ सदाआण्णांच्या रानात. समिती हिवाळ्यात येणार होती आणि सर मार्चमध्ये निवृत्त होणार होते. सरांच्या नोकरीची सगळी वर्षं त्या रानात उभी होती म्हणा ना. सर गेल्यावर त्या नंबरासाठी भांडायला दुसरं कोणी नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या नंबराचा बाप असतो.

आता एवढा ऊस बघायचा कसा? आत शिरायचं तर पानांची धार हातातोंडावर रेघा ओढते, आणि पानांवरची बारीक काटेरी कूस अंगाला अशी खाजते की घरचे लोक आपल्याला बाहेरच्या खोलीत झोपायला सांगतात. नव्वदच्या दशकात आमच्याकडे वरून बघायचं साधन म्हणजे एक शिडी. ती दोन शिपायांनी धरायची, सरांनी खालून सूचना द्यायच्या आणि मी चढायचं, कारण माझं वजन कमी. तेव्हा होतं कमी. वरून मला आणखी चार ओळी दिसायच्या. ‘काय दिसतंय?’ सर विचारायचे. ‘ऊस,’ मी सांगायची. सरांना असली उत्तरं आवडायची नाहीत.

एकदा एका गावात शिडी पुरेना म्हणून कॅमेरा घेऊन मी गावच्या पाण्याच्या टाकीवर चढले. वरून दिसत होतं छान. दहा मिनिटांत खाली ही गर्दी. बाई टाकीवर चढलीय म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं? सरपंच खालून हात जोडून म्हणाले, ‘ताई, आधी खाली या. तुमच्या मालकांस्नी आमी समजावतो.’ माझे मालक त्या वेळी कसबा बावड्यातल्या शाळेत मुलांना गणित शिकवत होते आणि आयुष्यात त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. खाली आल्यावर मी सगळं समजावून सांगितलं. एका म्हातारीला ते पटलं नाही. तिनं मला बाजूला घेऊन माहेरी कोण कोण आहे ते विचारलं.

मग दोन हजार सालानंतर सरांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं, की तिकडं छोट्या विमानाला कॅमेरा बांधून पिकाचे फोटो काढतात. तेव्हापासून सरांच्या डोक्यात विमान. केंद्रानं विचारलं, विमान कुठून आणणार? मी म्हटलं, इचलकरंजीहून.

तिथं शब्बीरभाई होते. यंत्रमागांचे जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. दिवसभर मागांच्या खडखडाटात काम करायचं आणि सुट्टीच्या दिवशी माळावर जाऊन रिमोटवरची विमानं उडवायची, हा त्यांचा नाद. विमान ते स्वतः बनवत. हलक्या लाकडाचा सांगाडा, त्यावर मागावरच्या पातळ कापडाचा तुकडा ताणून लावलेला. इंजिन मुठीएवढं, आवाज मात्र बुलेटचा. ते मिथेनॉल आणि एरंडेल तेलाच्या मिश्रणावर चालायचं. त्यामुळं विमान डोक्यावरून गेलं की ज्यांना लहानपणी आईनं नाक दाबून एरंडेल पाजलंय, ते सगळे अस्वस्थ व्हायचे. आमचे संचालक पहिल्या प्रात्यक्षिकाला पाचच मिनिटं थांबले.

विमानाच्या पोटात साधा रोलचा कॅमेरा उलटा बांधलेला, आणि बटण दाबायला एक छोटी मोटर. खालून शब्बीरभाई रिमोटवर विमानही सांभाळायचे आणि बटणही. कॅमेरा कुठं बघतोय हे कुणालाच कळायचं नाही. रोल धुऊन आला की अर्धे फोटो आभाळाचे, काही सूर्याचे, काही शेजारच्या गावाचे, आणि पहिल्या रोलमध्ये एक शब्बीरभाईंच्या चपलेचा. तो सगळ्यात स्पष्ट आला होता. पण मधूनच एखादा फोटो असा यायचा, की अख्खं रान सतरंजीसारखं पसरलेलं, एकेक तुकडा वेगळा. पहिल्यांदा तसा फोटो आला तेव्हा सर तो घेऊन खिडकीशी गेले आणि एकेक तुकडा बोटानं मोजत राहिले. शब्बीरभाईंना वाटलं काहीतरी चुकलं.

विमान पडायचंही. बाकीच्या पिकात पडलं तर सापडतं. उसात पडलं की संपलं. एकदा ते बाराफुटी उसात शिरलं आणि आम्ही सगळे दुपारभर शोधत होतो. ते शोधायला दुसरं विमान पाहिजे होतं. शेवटी शब्बीरभाई नाकानं वास घेत घेत आत गेले आणि एरंडेलाच्या मागावर ते त्यांना सापडलं. बाहेर आले तेव्हा तोंडावर रेघा, हातात पंख, आणि म्हणाले, ‘मॅडम, माग बरा. निदान तो जागेवर असतो.’

तर अशा तयारीनं आम्ही ऑक्टोबरात सदाआण्णांच्या रानावर गेलो. सदाआण्णा म्हणजे साठीचे गृहस्थ, कामाला वाघ, आणि गावातली प्रत्येक बातमी इतरांच्या आधी कळली पाहिजे असा बाणा. त्यांनी रान चाचणीला दिलं होतं, ऊसही पोटच्या पोरासारखा सांभाळला होता. पण वरून काढलेल्या फोटोत चाचणीच्या कडा ओळखू याव्यात म्हणून बांधावर आणि वाटेवर पांढऱ्या खुणा लागतात. म्हणून आम्ही कबड्डीच्या मैदानावर मारतात ती फक्की आणली आणि चारी कोपऱ्यांवर दोन-दोन हात लांबीच्या फुल्या मारल्या. फक्कीची कल्पना माझी नव्हती, हे मी तेव्हाही सांगितलं होतं आणि आताही सांगते.

आण्णा बघत होते. ‘ह्ये काय करतासा?’ त्यांनी विचारलं.

मी सोप्या भाषेत सांगणार होते, तेवढ्यात सर म्हणाले, ‘या क्षेत्राची आम्ही हवाई पाहणी करीत आहोत. मोजमाप अचूक यावं म्हणून या खुणा.’

‘सरकारी हाय?’

‘निधी सरकारचाच आहे,’ सर म्हणाले. सरांना खोटं बोलता येत नसे, हा त्यांचा मोठा दोष.

आण्णांनी चारी फुल्या एकदा फिरून बघितल्या. घरी नेऊन आम्हाला चहा पाजला. चहात नेहमीपेक्षा दूध जास्त होतं आणि सोबत खारी होती. मला वाटलं, माणूस विज्ञानाच्या बाजूचा आहे. त्या दिवशीचे फोटोही सुरेख आले. बेचाळीसचे तुकडे इतके गर्द आणि भरलेले, की सरांनी तो फोटो मोठा करून घेतला आणि टेबलाच्या काचेखाली ठेवला.

समिती यायच्या आधी एकदा ताजे फोटो घ्यायचे ठरलं होतं, म्हणून डिसेंबरात पुन्हा गेलो. आण्णा त्या दिवशी तालुक्याला गेलेले. रान बाहेरून झकास, भिंत जशीच्या तशी. शब्बीरभाईंनी विमान उडवलं, उतरवलं, आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी फोटो धुऊन आले.

उसाला भोकं पडली होती. गोल गोल, स्वच्छ, ठरावीक अंतरावर. चाचणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीनं. कडेला एकही नाही, सगळी आत. आणि बेचाळीसच्या तुकड्यांत सगळ्यात मोठी.

केंद्रात लगेच बैठक बसली. रोगवाल्यांनी सांगितलं, हा नवीन रोग असावा, गोलाकार पसरतोय. कीडवाले म्हणाले, हुमणी. रोगवाले म्हणाले, हुमणी दोरी लावून खाते का? एकानं वीज पडल्याची शक्यता मांडली. वीज एवढी शिस्तीत पडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून ती वगळली. मातीवाले सर सगळ्यात शांत. त्यांनी भिंग लावून फोटो बघितला, अंतर काढलं आणि म्हणाले, ‘इथं पूर्वी आमराई असली पाहिजे. जुन्या मुळांच्या जागी जमीन पोकळ झालीय.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर त्यांनी झाड बरोबर ओळखलं होतं, फक्त काळ चुकला.

पाटणकर सर फोटोवरची भोकं मोजत होते. बेचाळीसला काही रोग निघाला तर त्याचा निकाल समितीआधीच लागणार होता. ते मला म्हणाले, ‘कांबळेबाई, उद्या आत जाऊन बघू.’

दुसऱ्या दिवशी मी डोक्याला ओढणी गुंडाळली, सरांनी बाह्यांची बटणं तपासली आणि आम्ही आत शिरलो. उसात दहा पावलं गेलं की दिशा कळत नाही. फोटो हातात धरून, ओळी मोजत आम्ही पहिल्या भोकाशी पोचलो. ऊस बुडख्यापासून स्वच्छ कोयत्यानं तोडलेला. मधोमध भिजलेलं आळं. आळ्यात हापूसचं कलम, त्याला आधाराला बांबूची काठी, काठीला सुतळी. वरून ऊन सरळ त्याच्यावर पडत होतं. पुढच्या भोकात दुसरं कलम. त्याच्या पुढं तिसरं.

एवढ्यात वाळक्या पानांचं पाचट वाजलं आणि हातात पाण्याची कळशी घेऊन सदाआण्णा आले. आम्हाला बघून जराही गडबडले नाहीत.

‘आण्णा, हे काय?’ मी विचारलं.

‘आंबं.’

‘ते दिसतंय. उसात कशाला?’

आण्णांनी इकडंतिकडं बघितलं. त्या गच्च उसात आमचं बोलणं कोण ऐकणार होतं देव जाणे. मग आवाज उतरवून म्हणाले, ‘बाई, तुमी आपल्या मानसातल्या. रस्ता जातोय न्हवं हितनं. तुमीच खुणा मारून गेल्यासा की.’

मग उलगडा झाला. त्या सुमाराला पुणे-बंगलोर हायवेचं रुंदीकरण चाललेलं. कुणाची जमीन जाणार, कुठून जाणार, याच्या बातम्या रोज. आणि जमीन गेली तर उभ्या पिकापेक्षा फळझाडाची भरपाई वेगळी मिळते, हे आमच्याकडे लहान पोरालाही पाठ. त्यात पांढऱ्या फुल्या, आभाळात सरकारी विमान, आणि सर स्वतःच्या तोंडानं मोजमाप म्हणालेले. आण्णांनी दुसऱ्याच दिवशी रोपवाटिका गाठली. शेजारच्यांनाही त्यांनीच सांगितलं. नंतर मी दोन्ही वेळचे फोटो शेजारी ठेवून बघितले तेव्हा दिसलं, की दोन महिन्यांत त्या शिवारात तीन पत्र्याची शेडं, एक विहिरीचा खड्डा आणि ‘हॉटेल’ असं लिहिलेली एक पाटी उगवली होती. हॉटेल नव्हतं, नुसती पाटी.

सर म्हणाले, ‘अहो, पण तुम्ही चाचणीचा ऊस तोडलात.’

‘मोकळीक केली, सर. आंब्याला ऊन नको व्हय?’ आण्णा समजूत घालायच्या सुरात म्हणाले. ‘आन कडंच्या वळीला हात लावल्याला न्हाय. तुमचं बाहेरनं दिसायला झ्याक दिसतंय.’ आमच्यावर उपकार केल्याची भावना त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती.

‘आणि या बेचाळीसच्या उसातलीच भोकं एवढी मोठी का?’ सरांनी विचारलं.

‘तोडायचाच हाय तर लागणीला बेनं तरी चांगलं निघावं. पावण्यांनी नेलं समदं. सर, एक सांगतो, ह्यो तुमचा ऊस लई भारी हाय. आमच्या रानात असला ऊस कधी आल्याला न्हाय.’

सरांच्या आयुष्यात बेचाळीसचं एवढं मनापासून कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि तेही त्याच्या खुंटांवर उभं राहून. सर ‘आभारी आहे’ म्हणाले. खरंच म्हणाले. मला हसावं की आण्णांच्या हातातली कळशी त्यांच्याच डोक्यावर ओतावी, हे कळेना.

केंद्रात आल्यावर मी सरांच्या खोलीचं दार लावलं आणि जे डोक्यात होतं ते सांगितलं. बाहेरून काहीच दिसत नाही. समिती बांधावरूनच बघणार, उसात शिरायची त्यांची वयं नाहीत. भोकांमधला ऊस किती होता याचा हिशेब आपल्याला बसवता येतो, आजूबाजूचे ऊस धरून. तेवढं वजन बेचाळीसच्या पदरात टाकू आणि हा फोटो कपाटात ठेवू. आपण काही नसलेला ऊस दाखवत नाही, असलेलाच दाखवतोय. मला त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगते, आजही वाटत नाही.

सरांनी टेबलाच्या काचेखालच्या जुन्या फोटोवर बोट ठेवलं. मग म्हणाले, ‘ऊस माझा, आणि त्याचं वजनही मीच अंदाजानं सांगायचं? मग समितीनं यायचंच कशाला?’

मी भांडले. एवढी वर्षं हाताखाली काम केलं पण सरांशी भांडले ती तेव्हाच. म्हटलं, तुम्ही मार्चमध्ये जाणार, पुढच्या वर्षी पुन्हा चाचणी कोण लावणार? तुमच्या माघारी या नंबराला कोण विचारणार? सर म्हणाले, ‘कोणी नाही विचारणार. मला माहीत आहे.’ एवढंच.

समिती आली. बांधावर उभं राहून सगळ्यांनी ऊस बघितला, एकानं तर बेचाळीसकडे बोट करून ‘वा’ म्हटलं. मग सरांनी स्वतःच्या हातानं तो भोकांचा फोटो त्यांच्यापुढं धरला. त्यानंतर उसाकडे कोणी बघेचना. फोटो या हातातून त्या हातात. एवढा स्पष्ट फोटो आपल्या भागात पहिल्यांदाच बघतोय, असं अध्यक्ष म्हणाले. विमान कुणाचं, कॅमेरा कुठला, सगळी चौकशी झाली. अहवालात हवाई पाहणीबद्दल केंद्राचं अभिनंदन लिहिलं गेलं आणि त्याच्याच खालच्या ओळीत चाचणी रद्द झाली. फोटो पास, ऊस नापास.

शब्बीरभाईंना मी अभिनंदनाचं आधी सांगितलं. ते खुलले. मग दुसरं सांगितलं. त्यांनी डब्याचं झाकण उघडलेलं होतं ते पुन्हा लावलं. म्हणाले, ‘मॅडम, मी विमान अजून वर न्यायला पाहिजे होतं. भोकं दिसलीच नसती.’ त्या माणसाचा यात काय दोष होता? पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मार्चमध्ये सरांचा शाल-श्रीफळाचा कार्यक्रम झाला. भाषणं झाली. एका भाषणात बेचाळीसचा उल्लेख ‘एक अपूर्ण प्रयत्न’ असा झाला. मी बियाण्याच्या खोलीत जाऊन रडले. तिथं कूस असते, कोणी विचारत नाही. नवीन साहेब आले, त्यांचे स्वतःचे नंबर होते. बेचाळीसची एक ओळ केंद्राच्या रानात वर्षभर राहिली, मग तीही निघाली.

आणि हायवे? तो पलीकडूनच रुंद झाला. आण्णांच्या रानाच्या आसपाससुद्धा फिरकला नाही. ऊस तोडून गेल्यावर आण्णांनी सवयीनं पाचट पेटवलं आणि हापूसची सगळी कलमं एका दुपारी गेली. मला भेटले तेव्हा माफी वगैरे काही नाही. उलट रागावून म्हणाले, ‘बाई, रस्ता हितनं न्यायचा नव्हता तर खुणा कशाला मारल्या म्हंतो मी.’

पुढं काही वर्षं गेली. नणंदेच्या नातवाच्या बारशाला मी कागलच्या खाली, सीमेकडच्या एका गावी गेले होते. बारशात माझं मन लागत नाही, म्हणून मागच्या दारानं रानाकडं गेले. समोर ऊस होता. मी जवळ जाऊन एका कांडीवरची पात सोलली आणि हात तिथंच थांबला. कांडीवर जांभळट झाक, आणि डोळ्याच्या, म्हणजे जिथून कोंब फुटतो त्या जागेच्या, वर नखानं ओढल्यासारखी बारीक खाच. शेकडो जाती मी हाताळल्यात, ती खाच एकाच उसाला होती. शेजारच्या रानात तोच. ओढ्यापलीकडे तोच. ज्या उसाला आम्ही कागदावर मारून टाकलं होतं तो शिवारभर उभा होता. त्या दिवशी मी बाळाचं नाव काय ठेवलं तेसुद्धा विसरून आले.

पुढच्याच रविवारी सरांना त्यांच्याच गाडीतून घेऊन गेले. का जायचं ते सांगितलं नाही. रानाचा मालक मारुती, नणंदेच्या नात्यातला. मी उसात नोकरी करते हे त्याला माहीत नव्हतं. सरांची ओळख मी ‘आमच्या ओळखीचे, शेतीची आवड आहे’ एवढीच करून दिली. सर बांधावर उतरले, चार पावलं चालले आणि थबकले. मग कुणाला काही न विचारता, बाही सरळ करत उसात शिरले. कितीतरी वेळ आतून नुसती पानं वाजत होती. बाहेर आले तेव्हा गालावर लाल रेघा होत्या आणि डोळे भरलेले होते. मी दुसरीकडे बघितलं.

मारुतीला वाटलं, पावण्यांना ऊस आवडला. तो रंगात आला. सांगायला लागला, हा ऊस पडत नाही, याला तांबेरा येत नाही, तोडल्यावर पुन्हा फुटणारा खोडवा तर पहिल्या लागणीपेक्षा सरस. सरांना त्यांचाच ऊस तो समजावून सांगत होता आणि सर पहिल्या बाकावरच्या मुलासारखे ऐकत होते.

‘नाव काय याचं?’ सरांनी विचारलं.

‘आंब्याचा ऊस म्हंत्यात.’

‘असं का?’

‘कुणाला ठावं. कागलकडनं बेनं आलंय. तिकडं आंब्याच्या सावलीला लावत असतील.’

मी पदर तोंडावर धरला. सर मात्र हसले नाहीत. थोडं थांबून त्यांनी अगदी संकोचून विचारलं, ‘मला थोडं बेणं मिळेल का? घराच्या मागं जरा जागा आहे.’

‘न्या की, पावणं,’ मारुती म्हणाला आणि लगेच कोयत्यानं चार निवडक ऊस तोडून, पानं साळून, मोळी बांधून त्यानं सरांच्या हातात दिली. मग जरा जवळ येऊन म्हणाला, ‘फकस्त एक करा. त्या संशोधन केंद्रवाल्यांच्या कानावर घालू नका. त्यांनी बघितला की बंद करत्यात.’

‘नाही घालत,’ सर म्हणाले, आणि ती मोळी त्यांनी डिकीत न टाकता मागच्या सीटवर, कोल्हापूरपर्यंत डोळे मोडू नयेत म्हणून, आपली शाल घालून आडवी ठेवली.